आधी ‘बनगरवाडी’ की ‘स्मृतिचित्रे’?

भाचीला सुट्टीत एकच पुस्तक वाचायचंय, आणि तिचं ठरत नाहीये. दोन्ही मी नुकतीच वाचलीत, म्हणून सांगते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) छोटी कादंबरी, दोन-तीन बैठकांत संपते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र चांगलंच जाडजूड, पण प्रसंगाप्रसंगाने पुढे जातं, कुठेही थांबता येतं.

भाषेचं म्हणाल तर ‘बनगरवाडी’तली माणदेशी बोली सुरुवातीला अडवते, मग गोडी लागते. लक्ष्मीबाई मात्र थेट समोर बसून बोलतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हाची ताटातूटही त्या रडगाणं न गाता सांगतात. मला तेच सर्वांत भिडलं.

दुष्काळात ओस पडलेली वाडी मात्र मनातून जात नाही.

प्रवासात न्यायला ‘बनगरवाडी’. रोज रात्री थोडं थोडं वाचणाऱ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत.