महालातल्या छपाईवाल्याकडून करून घेतलेला भूमध्य समुद्र

वर्गाच्या भिंतीवर लावायला मोठा नकाशा हवा असेल, तर नागपूरच्या महाल भागातल्या या छपाईच्या दुकानात जरूर जा. दारात वाढदिवसाच्या आणि सत्काराच्या फ्लेक्सचा ढीग दिसेल, पण तो बघून परत फिरू नका. आत कॉम्प्युटरवर बसणारे भाऊ शांतपणे ऐकून घेतात.

मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. मला १९४० ते १९४३ चा भूमध्य समुद्र आणि त्याला लागून तांबडा समुद्र एकाच तुकड्यावर हवा होता, सहा फूट बाय पाच फूट. मला तयार मिळालेले महायुद्धाचे नकाशे युरोपपुरतेच होते, कैरोच्या खाली कापलेले. तसा नकाशा समोर असला की मुलं मॉस्को आणि नॉर्मंडीवर बोट ठेवतात आणि बाकी सगळं किरकोळ समजतात. म्हणून मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने किनारे काढून नेले आणि भाऊंनी ते कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये गिरवून घेतले.

पहिल्या प्रूफवर त्यांनी विचारलं, "मॅडम, अर्धा तर समुद्रच आहे, काहून एवढा ठेवता? गावं मोठी करू नं."

मी तिथेच खुर्ची ओढून त्यांना माल्टा दाखवलं. नखाएवढं बेट, पण इटलीहून उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन सेनापती रोमेलकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेतच बसलेलं. जून १९४२ मध्ये लिबियातलं ब्रिटिशांच्या हातातलं तोब्रुक बंदर पडलं आणि माल्टा घेण्याचा बेत बाजूला ठेवून रोमेल इजिप्तकडे धावला. लिबियातल्या ट्रिपोलीपासून इजिप्तमधल्या अल अलामेनपर्यंत सुमारे २,००० किलोमीटर, नकाशावर चांगली दीड हात रेघ. पेट्रोलचा प्रत्येक पिंप आधी समुद्र ओलांडून यायचा आणि मग या रेघेवरून पुढे जायचा. भाऊंनी समुद्र कापला नाही. उलट निळा एक छटा फिका केला, त्यामुळे जहाजांच्या वाटा ठळक उठल्या. ही सूचना त्यांची स्वतःची, आणि नेमकी.

या नकाशाचा खरा उपयोग १९४१ चे पहिले चार महिने शिकवताना होतो. ७ फेब्रुवारीला लिबियात बेडा फॉमजवळ इटलीची दहावी आर्मी संपली. दोन महिन्यांच्या त्या मोहिमेत सुमारे १,३०,००० कैदी ब्रिटिशांच्या हाती लागले होते. ब्रिटिश सेनापती ओ'कॉनरला तसंच ट्रिपोलीपर्यंत जायचं होतं. लंडनने थांबवलं आणि फौज ग्रीसला वळवली. १२ फेब्रुवारीला रोमेल ट्रिपोलीत उतरला. एप्रिलअखेर ग्रीस हातचं गेलं आणि लिबियात कमावलेलंही बहुतेक गेलं. ग्रीसला दिलेला शब्द पाळायला हवा होता हे मला कळतं, तरी माझ्या मते ही त्या वर्षातली ब्रिटिशांची सर्वांत महाग चूक. पुस्तकात हे दोन वेगळे परिच्छेद असतात. इथे एकाच भिंतीवर एक बाण उत्तरेला जातो, दुसरा पश्चिमेला थबकतो, आणि मुलं आपणहून विचारतात, "मॅडम, मग इथे राहिलं कोण?"

आता खालचा उजवा कोपरा, ज्यासाठी मी पाच फूट उंचीचा हट्ट धरला. तेव्हा इटलीच्या ताब्यात असलेल्या इरिट्रियातलं केरन. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी त्या कड्यांवर लढल्या आणि २७ मार्च १९४१ ला केरन पडलं. ८ एप्रिलला मसावा बंदरही इटलीच्या हातून गेलं. त्याच एप्रिलमध्ये रूझवेल्टने तांबडा समुद्र युद्धक्षेत्राच्या यादीतून काढला आणि अमेरिकी जहाजांना थेट सुएझपर्यंत माल न्यायची वाट मोकळी झाली. अल अलामेनला जे रणगाडे पुढे उभे राहिले, त्यांची वाट या डोंगरांवरून मोकळी झाली होती. आपल्या माणसांनी तिथे काय केलं हे विदर्भातल्या पोरांना कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता कामाबद्दल. अक्षरजुळणीत 'अलेक्झांड्रिया'ची जोडाक्षरं फुटली होती, ती दुसऱ्या प्रूफला नीट झाली. तरी सगळी गावं स्वतः वाचून घ्या, घाई करू नका. चकचकीत फ्लेक्स घेऊ नका. खिडकीचा उजेड पडला की मागच्या बाकांना काहीच दिसत नाही. मॅट मागा, थोडे पैसे जास्त पडतात. वर-खाली पाइप ओवायला खोळ शिवून देतात, ती शिवण पक्की आहे. तपकिरी रंग मात्र स्क्रीनवर दिसला त्यापेक्षा गडद उतरला, त्यामुळे केरनचं नाव जवळ जाऊन वाचावं लागतं. एवढ्यासाठी एक तारा कमी. न्यायला नळी मागून घ्या, घडी घालू देऊ नका.

पुढचं काम त्यांच्याकडेच दिलं आहे, इम्फाळ-कोहिमा १९४४. जपानी सेनापती मुतागुचीची फौज जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा घेऊन निघाली होती आणि लढाई जुलैपर्यंत चालली. त्यामुळे या वेळी डोंगर आणि नद्या आधी, बाण नंतर. तपकिरीचा छोटा तुकडा आधी छापून दाखवतो, असं भाऊ म्हणाले आहेत.