आधी कोण उठतं? घरच्या बैठकीसाठी खेळ निवडताना

कॅटान हा पटावरचा खेळ पहिल्यांदा उघडला तेव्हा आम्ही चौघं होतो. सुरुवातीला प्रत्येकाने पटावर दोन वस्त्या मांडायच्या असतात. ज्या आकड्यांना त्या लागून असतील ते आकडे फाशांवर पडले की माल हातात येतो. आत्याने एक वस्ती 12 ला लागून किनाऱ्यावर ठेवली, दुसरी 11 आणि 3 च्या कोपऱ्यावर. "12 सगळ्यात मोठा आकडा ना?" दोन फाशांच्या 36 शक्यतांत 12 एकदाच येतो, 3 आणि 11 दोन-दोनदा, तर 6 आणि 8 प्रत्येकी पाच वेळा. आकड्याखालचे ठिपके हेच सांगतात, पण ते तिला सांगायचं आम्हीच विसरलो होतो. अर्ध्या तासात तिच्या हातात जेमतेम तीन पानं आली. "जरा येते," म्हणून ती उठली आणि मग परत आलीच नाही.

खेळात खोट नव्हती. क्लाउस टॉइबर यांचा हा खेळ 1995 साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, हा पुरस्कार घेऊन गेला. चूक आमच्या निवडीत होती. तेव्हापासून नवा खेळ घेताना मी एकच प्रश्न विचारते: या बैठकीतून सगळ्यात आधी कोण उठेल, आणि कशामुळे? कुणी पाळीची वाट बघून कंटाळतं, कुणी बाद होऊन रिकामं बसतं, कुणाला पटावरचं वाचता येत नाही, आणि कुणाची पाळी दुसराच खेळून टाकतो. खोक्यावर छापलेलं वयाचं '8+' यातलं काहीच सांगत नाही.

घाईत असाल तर हा तक्ता बघा. वेळ माझ्या अनुभवातली आहे, पहिल्या खेपेला त्यात निम्म्याची भर धरा.

| खेळ | किती जण | साधारण वेळ | आधी कोण उठतं |
|---|---|---|---|
| कॅटान | 3–4 | दीड तास | सुरुवातीची जागा चुकलेला |
| तिकीट टू राइड | 2–5 | तासभर | सहसा कुणी नाही |
| मेंढीकोट | 4 | डाव दहा मिनिटांचा | भिडूचा ओरडा खाल्लेला |
| युनो | 2–10 | वीस मिनिटं | आठ-दहा माणसं असली तर कुणीही |
| सिक्स निम्ट | 2–10 | अर्धा-पाऊण तास | कुणी नाही, पण सगळे चिडतात |
| कोडनेम्स | 4 ते 8, जास्तही | वीस मिनिटं | लाजाळू माणूस |
| जस्ट वन | 3–7 | वीस मिनिटं | कुणी नाही |
| डिक्सिट | 3–6, नव्या संचात 8 पर्यंत | अर्धा तास | हिशेबी डोक्याचा |
| पँडेमिक | 2–4 | पाऊण तास | ज्याला सतत सल्ले मिळतात तो |

पटावरचे खेळ: मोनोपॉली, कॅटान की तिकीट टू राइड

मोनोपॉली बहुतेक घरांत असतोच, म्हणून आधी त्याचा निकाल लावू. तो रटाळ आहे ही तक्रार अर्धीच खरी. अर्धा रटाळपणा आपणच घातलेला असतो. मूळ नियमात एखाद्या जागेवर पोचलेल्याने ती घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव होतो. बहुतेक घरांत हा नियम कुणाला माहीतच नसतो. शिवाय 'फ्री पार्किंग'च्या घरात दंडाचे पैसे साठवून तिथे येणाऱ्याला देण्याची पद्धत आहे, तीही नियमपुस्तिकेतली नाही. लिलाव नसल्याने जागा पटकन विकल्या जात नाहीत, फुकटच्या पैशामुळे बुडायला आलेला तरतो, आणि डाव जेवण होऊन गेलं तरी चालूच राहतो. पुस्तिकेप्रमाणे खेळून बघा, बराच आटोपशीर होतो. तरी एक दोष उरतोच. ज्याचं दिवाळं निघालं तो बाद, आणि बाकीच्यांचं संपेपर्यंत त्याने काय करायचं याला उत्तर नाही.

कॅटानमध्ये कुणी बाद होत नाही. दुसऱ्याच्या फाशांवरही आपल्याला माल मिळतो, ज्याची पाळी आहे त्याच्याशी सौदा करता येतो, त्यामुळे लक्ष पटावर राहतं. घासाघीस आवडणाऱ्यांच्या घरी हा खेळ रंगतो: "दोन मेंढ्या घे, एक वीट दे." पण सुरुवातीच्या दोन वस्त्या चुकल्या तर पुढचा दीड तास हात चोळत बसायचं, हे आत्याने दाखवलंच. शिवाय मूळ खोक्यात चौघांचीच सोय आहे. पाचवा-सहावा आला की वेगळा जोडसंच लागतो, आणि सहा जणांचा कॅटान फार लांबतो.

घरात नवखे आणि मुरलेले असे दोन्ही असतील तर मी तिकीट टू राइडच्या बाजूने आहे. ॲलन मून यांच्या या खेळालाही 2004 चा तोच पुरस्कार मिळाला. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची: रंगीत पानं उचला, किंवा मार्गाच्या रंगाची पानं टाकून नकाशावरचा तो रेल्वेमार्ग आपल्या डब्यांनी भरा, किंवा नवी तिकिटं (कुठली दोन गावं जोडायची ते सांगणारी पानं) घ्या. पाळी अर्ध्या मिनिटात होते. गावांची नावं इंग्रजीत असली तरी ती फक्त नकाशावर शोधायची असतात. दहा वर्षांचं मूल आणि साठीची व्यक्ती इथे बरोबरीने खेळतात, आणि मूल बरेचदा जिंकतं.

बोच आहे ती एवढीच की तुम्हाला हवा असलेला मार्ग कुणीतरी आधी भरतं, आणि पुरं न झालेल्या तिकिटाचे गुण वजा होतात. मनाला लावून घेणारं कुणी असेल तर 2005 ची युरोप आवृत्ती घ्या. तिच्यात स्टेशनं आहेत, ती बांधून दुसऱ्याचा मार्ग वापरता येतो.

पत्ते: साधा कॅट, युनो की सिक्स निम्ट

साध्या पत्त्यांच्या कॅटशी स्पर्धा करणं कुठल्याही खोक्याला कठीण आहे. तिघं असाल तर पाच-तीन-दोन, चौघं असाल तर मेंढीकोट, सहा-सात जण असाल तर बदाम सात. माणसं वाढली-घटली की खेळ बदलायचा, सामान तेच.

बदाम सात दिसतो पोरखेळ, पण हातातली इस्पिकची सत्ती शेवटपर्यंत अडवून धरणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत ती असं म्हणणार नाहीत. लावण्यासारखं पान असेल तर लावावंच लागतं, म्हणून आपलं दुसरं एखादं पान पुढे करत राहायचं आणि सत्ती दाबून ठेवायची, ही त्यातली खरी कला.

मेंढीकोट चार पक्क्या खेळाडूंमध्ये खेळायचा. चार दश्शा म्हणजे चार मेंढ्या, ज्या जोडीकडे जास्त येतील ती जोडी जिंकते, चारही आल्या तर कोट. यात गेलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, उतारी ओळखावी लागते. लहान मूल किंवा नवखा पाहुणा भिडू म्हणून बसवला की तिसऱ्या हाताला "अगं, हुकूम का मारलास!" असा आवाज येतो, आणि चौथ्या डावाला ते मूल दिसत नाही. असा चौथा गडी असेल तर बदाम सातच बरा.

युनो 1971 पासून चालत आला आहे आणि त्याचं एकच मोठं बलस्थान आहे: दोन मिनिटांत समजतो. रंगावर रंग, आकड्यावर आकडा. नियमावरून भांडण होतं ते 'ड्रॉ टू'वर (पुढच्याला दोन पानं उचलायला लावणारं पान) 'ड्रॉ टू' टाकून पानं पुढच्याच्या गळ्यात घालण्यावरून. अधिकृत नियमात ते चालत नाही. घरी चालवायचं तर चालवा, पण पानं वाटायच्या आधी ठरवा. आठ-दहा जणांत मात्र युनो खेळू नका. दिशा उलटली, पाळी चुकवली गेली की एखादी व्यक्ती पाच-पाच मिनिटं नुसती पानं धरून बसते.

एवढ्या गर्दीसाठी मी डोळे झाकून सिक्स निम्ट सुचवेन. वोल्फगांग क्रामर यांचा 1994 चा हा जर्मन खेळ. 1 ते 104 अशी पानं, प्रत्येकाला दहा, टेबलावर चार ओळी. सगळे एकाच वेळी एक पान उपडं ठेवतात आणि एकदम उलटतात, म्हणून दहा माणसं असली तरी कुणी थांबून राहत नाही. मग लहान आकड्यापासून एकेक पान ओळीला लागतं: ज्या ओळीचं शेवटचं पान आपल्यापेक्षा लहान पण सगळ्यात जवळचं, तिथे. ओळीतलं सहावं पान ज्याचं, त्याने आधीची पाच उचलायची. प्रत्येक पानावर बैलांची डोकी छापलेली असतात, तेवढा दंड.

परवाचाच डाव सांगते. एका ओळीत 47, 52, 55, 58 अशी चार पानं होती. माझ्याकडे 61. पाचवं पान माझं, अगदी सुरक्षित, असा माझा हिशेब. पानं उलटली तर भाच्याने 60 ठेवलेलं. लहान आकडा आधी, म्हणून पाचवा तो आणि सहावी मी. एकट्या 55 वर सात डोकी असतात, 60 वर तीन, बाकी तिन्हींवर एकेक. एकूण 13. भाचा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं काय घडलं ते. या खेळात मुरलेल्याला थोडा फायदा मिळतो, पण नवख्याने बिनघोर ठेवलेलं पान त्याला केव्हाही झोपवू शकतं. मिश्र वयाच्या घोळक्यात हेच हवं असतं.

आठ-दहा जणांचा घोळका

माफिया, म्हणजे गावकरी आणि लपलेले मारेकरी हा खेळ, मोठ्या घोळक्यात हटकून निघतो. पहिल्याच रात्री मेलेला माणूस पुढचा अर्धा तास भिंतीला टेकून बसतो. कॉलेजच्या टोळक्यात तेही चालतं, घरी नको.

कोडनेम्समध्ये 25 शब्द मांडतात. दोन गट, प्रत्येकाचा म्होरक्या एक शब्द आणि एक आकडा सांगतो, गटाने त्यावरून आपले शब्द ओळखायचे. 25 त एक शब्द मारेकऱ्याचा, त्याला बोट लावलं की गट तिथेच हरला. इंग्रजी संच घेऊन अर्धी मंडळी गप्प बसवण्यापेक्षा शब्द मराठीत करून घ्या. नुसत्या चिठ्ठ्या पुरतात. दोन-तीन अर्थ असलेले शब्द निवडा: पान, कर, तार, अंक, पात्र, माळ, डाव. आमच्याकडे एकाने "नाटक, तीन" असं सांगितलं होतं. अंक, पात्र, पडदा हे तीन त्याच्या मनात. गटाने अंक आणि पात्र बरोबर ओळखले आणि मग एकमताने 'रंग'वर बोट ठेवलं. मारेकरी तोच होता. मराठीत एक गोष्ट आधी ठरवावी लागते: टेबलावर 'घर' असेल तर 'घरकाम' किंवा 'घरात' हा इशारा चालणार नाही. कोडनेम्सची अडचण अशी की दोन म्होरके आणि दोन मोठ्या आवाजाची माणसं खेळतात, बाकीचे माना डोलावतात.

जस्ट वनने हे नेमकं सोडवलंय. एकाला शब्द दिसत नाही, बाकी सगळे त्याच्यासाठी प्रत्येकी एक इशारा लिहितात. मग सारखे आलेले इशारे त्याने बघायच्या आधी पुसले जातात. शब्द 'समुद्र' असेल आणि दोघांनी 'लाट' लिहिलं तर तीच गेली, उरलं 'मीठ' आणि 'निळा'. त्यामुळे प्रत्येकाला थोडं वाकडं सुचावं लागतं, आणि जो एरवी बोलत नाही त्याचाच इशारा बरेचदा टिकतो. गट नाहीत, हार-जीत सगळ्यांची मिळून. 2019 चा 'श्पील देस यारेस' पुरस्कार याला उगाच नाही मिळाला. संच नसला तरी वही-पेनावर भागतं.

वाचता न येणारं मूल सोबत असेल तर डिक्सिट. चित्रांची पानं, अक्षर एकही नाही. एक जण आपल्या चित्राचा इशारा सांगतो, बाकीच्यांनी मांडलेल्या चित्रांतून ते ओळखायचं. सांगणाऱ्याचं चित्र सगळ्यांनी ओळखलं तरी त्याला शून्य आणि कुणीच ओळखलं नाही तरी शून्य, म्हणून इशारा अर्धवट धूसर असावा लागतो. सहा वर्षांच्या भाचीने उंच शिडीच्या चित्राला "आईचा मोबाईल" म्हटलं. फक्त तिच्या आईला कळलं: फोन वरच्या फळीवर असतो. पूर्ण गुण. गुणांचा हिशेब लावून खेळणाऱ्याला मात्र हा खेळ पोकळ वाटतो.

हरणं सहन होत नसेल तर

सगळे मिळून पटाविरुद्ध खेळतात असे खेळ आहेत. पँडेमिक त्यांत प्रसिद्ध: चार रोग जगभर पसरतात, चारही औषधं शोधली की जिंकलो. पत्ते सगळ्यांना दिसतात म्हणून ज्याला खेळ येतो तो इतरांच्याही पाळ्या ठरवू लागतो, "तू तिकडे जा, तू हे टाक." असा माणूस घरात असेल (कोण ते तुम्हाला माहीत आहे) तर हनाबी घ्या. त्यात आपली पानं दुसऱ्यांकडे तोंड करून धरायची असतात. सगळ्यांची दिसतात, आपली सोडून. इशारेही मोजून द्यायचे, त्यामुळे हुकूमशहा आपोआप गप्प बसतो.

दोघांनाच खेळायचं असेल तर कार्कासोन. 72 चौकोनी तुकडे, एकेक उचलून नकाशा जोडत जायचा. शेतांचे गुण पहिल्या दोन डावांत सोडून द्या, तेवढाच भाग किचकट आहे.

आणि नियम कुणीतरी आधी एकट्याने वाचून ठेवा. सगळे गोल बसल्यावर पुस्तिका उघडली की आत्या तेव्हाच उठते.