वनहक्काचा दावा: घराचा की गावाचा?

पाटण-जावळीच्या डोंगरात दावा भरायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो. जंगलावर जगणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्यात दोन्ही वाटा आहेत: एका घराचा वैयक्तिक दावा आणि गावाचा सामूहिक दावा.

वैयक्तिक दावा समजायला सोपा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर. पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, वारसाने मिळतो, विकता मात्र येत नाही. (विकता येत नाही हीच मला त्याची मोठी ताकद वाटते.) पण पोट मासे, मध, हिरडा आणि मजुरीवर चालणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे मोजायला शेतच नसेल, तर हा पट्टा कशाचा मागायचा?

तिथे सामूहिक दावा उपयोगी पडतो. त्यात गौण वनोपजाची (मध, हिरडा अशा जंगलातून गोळा होणाऱ्या मालाची) मालकी, चराई, मासेमारी आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. पुरावा म्हणून जाणत्या माणसांचा लेखी जबाबही चालतो; सगळं सातबाऱ्यावर अडत नाही. अडचण गावातच असते. वस्ती गावाबाहेर आणि ग्रामसभा गावात, त्यामुळे कातकरी बाई बोलायला उठेपर्यंत ठराव झालेला असतो. गवळी-धनगरांची अडचण निराळी. ते अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

दोन्ही दावे एकाच वेळी करता येतात. तरी मी आधी सामूहिक भरेन, आणि ग्रामसभा वस्तीवर घ्या म्हणून हट्ट धरेन.