खाकी कॅम्पबेल, रनर की गावठी? पावसाळ्यासकट वर्षभराचा अनुभव

खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते, हे बदकपालनाच्या कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळतं. आकडा खोटा नाही. पण तो संतुलित खाद्य, दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड आणि स्वच्छ पाणी यांच्या जोरावरचा आहे, आणि कोकणातल्या परसात यातलं काहीही आपसूक मिळत नाही. आचऱ्याच्या खाडीजवळ आमचं घर, मागे भाताचे कुणगे (छोटी खाचरं), कडेला व्हाळ (ओढा). तिथे खाकी, इंडियन रनर, पांढरी पेकिन आणि गावठी अशी चारही बदकं एकत्र वाढवली. कोण किती घालतं ते एकाच अंगणात बघायचं होतं.

खाकी साडेचार-पाच महिन्यांची झाली की सुरू होते आणि मग थांबतच नाही. भर हंगामात दहा माद्यांमागे आठ-नऊ अंडी रोज. अंडं साधारण 60 ते 70 ग्रॅमचं, पांढरं, कवच जाड. बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळी नवाच्या आत पडतात, म्हणून आधी सोडू नका. लवकर सोडलीत तर अंडी व्हाळात शोधावी लागतात, नाहीतर मुंगूस शोधतो.

आता खर्चाचं. अंड्यावरच्या मादीला रोज सव्वाशे-दीडशे ग्रॅम खाद्य लागतं. खाकीला हे दिलं नाही, नुसती कुणग्यात सोडली आणि संध्याकाळी शिळा भात टाकला, तर पंधरवड्यात अंडी निम्म्यावर येतात. गावठी तेवढ्याच चाऱ्यावर आपली जुनी चाल सोडत नाही. वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी, पण जवळजवळ फुकट. गोगलगाय, किडे, सांडलेलं भात, सगळं तीच वेचते. म्हणून माझ्या मते एका बदकामागे किती अंडी हे मोजण्यात अर्थ नाही. एका पोत्यामागे किती ते मोजा. पोतं आणणार असाल तर खाकीच्या जवळपासही कुणी येत नाही. नसाल, तर गावठीच बरी.

रनर दुसऱ्या नंबरावर. बाटलीसारखी ताठ चालते, पाव्हणे तिलाच बघत बसतात. (खाकी तयार करणाऱ्या इंग्लंडमधल्या अॅडेल कॅम्पबेल बाईंनी रनरचंच रक्त त्यात घातलं होतं, त्यामुळे गुण बरेच जुळतात.) पण रनर भित्री. कुत्रं भुंकलं, फटाका वाजला की अख्खा थवा एका कोपऱ्यात, आणि पुढचे दोन दिवस अंडी कमी. गणपतीत याचा चांगलाच प्रत्यय आला. पेकिनबद्दल थोडक्यात: ती मांसाची जात. दीड-दोन महिन्यांत दोन किलोच्या वर जाते. अंड्यांसाठी पाळू नये.

पावसाळा ही खरी परीक्षा. पोहायला तळं लागतंच असं नाही, डोकं बुडेल एवढं खोल भांडं पुरतं. पण रात्रीची जागा कोरडी हवी. बदक पाणी सांडतं, विष्ठा पातळ, त्यात आपली जुलैची हवा. तूस रोज घातला नाही तर अंडी चिखलाने माखतात आणि घरगुती गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्याहून मोठा धोका बुरशीचा. ओलसर मका किंवा शेंगपेंड यांतल्या अफ्लाटॉक्सिनला, म्हणजे बुरशीच्या विषाला, बदक कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक, पिल्लं तर पटापट जातात. पावसात महिनाभराचं खाद्य भरून ठेवू नका, आठवड्याचंच आणा. वास आला तर पोतं फेका, 'थोडं उन्हात घालू' म्हणू नका. तसंही ऊन असतं कुठे?

डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास उरतो, तेव्हा पहाटे खुराड्यात बल्ब लावला. खाकीने लगेच दाद दिली, गावठीला फारसा फरक पडला नाही. बंदरावरची बांगड्याची डोकी घालाल तर बेताने. अंड्याला मासळीचा वास येतो, आणि नाताळच्या केकसाठी अंडी नेणारी गिऱ्हाइकं पुन्हा फिरकत नाहीत. कवचासाठी तिसऱ्यांचे शिंपले कुटून घातले, विकतचं काही लागलं नाही.

खाकी खुडूक होत नाही, म्हणजे अंड्यांवर बसत नाही, त्यामुळे पिल्लं हवीत तर अंडी गावठी बदकाखाली किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात, बदकाला अठ्ठावीस लागतात. तेवढा वेळ बसून राहणारी कोंबडी निवडा. फळणीसाठी सहा-सात माद्यांमागे एक नर पुरे, जास्त ठेवलेत तर माद्यांच्या पाठीची पिसं जातात. नुसती खायची अंडी हवीत तर नर नसला तरी चालतो.

पिल्लं घेताना एवढंच बघा. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्थेत खाकी मिळते. बाजारात 'खाकी' म्हणून तपकिरी गावठीही खपवतात. नर-मादी एका दिवसाच्या पिल्लात अनुभवी हातालाच कळतं. तुमच्या-माझ्यासारख्याने आवाज फुटेपर्यंत थांबावं. मादी खणखणीत ओरडते, नर घोगरा. पुढे त्याच्या शेपटीची पिसं वर वळतात. न तपासता घेतलीत तर निम्मे नर निघतील असा हिशेब धरूनच पैसे मोजा, आणि आठ-बारा आठवड्यांची होताच डक प्लेग या बदकांच्या रोगाची लस टोचून घ्या.