फिशआयच्या नावाखाली पाठवलं आट्यांचं भिंग

जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) जपून वापरणाऱ्या आणि त्याच्यासाठी परवडणारी फिशआय लेन्स (समोरचं जवळजवळ अर्धं जग वाकवून एका फोटोत बसवणारं भिंग) शोधणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझे पैसे भांडून परत मिळाले. पण माल विकायची ही पद्धत सर्रास चालते, आणि विक्रेत्याचं बोलणं इतकं सफाईदार असतं की खोटं नेमकं कुठे आहे हे पटकन सापडत नाही.

माझा कॅमेरा निकॉनचा डी४०. २००६ सालचा, ६ मेगापिक्सेलचा आणि अजून ठणठणीत. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, ‘डी४० साठी ८ एमएम फिशआय लेन्स, एचडी, मॅक्रोसह’. (८ एमएम ही फोकल लेंग्थ; आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय.) चित्रात पुढे फुगीर काच असलेली जाडजूड लेन्स आणि तिच्यामागे धातूचा चकचकीत माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकवायचं कडं. मी विक्रेत्याला सरळ विचारलं, “डी४०ला बसेल ना?” उत्तर आलं, “हो मॅडम, शंभर टक्के बसेल, खास त्याच कॅमेऱ्यासाठी आहे.”

पार्सलमधून निघाली ती एक बुटकी, हलकी चकती. पुढे काच, मागे फिल्टरला असतात तसे ५२ एमएमचे आटे, आणि कडेच्या कड्यावर कोरलेलं ‘०.४२ एक्स’. माउंटचा पत्ताच नाही. ही लेन्स नव्हतीच, किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सच्या) तोंडावर फिरवून बसवायचा कन्व्हर्टर, म्हणजे दृश्य रुंद करणारं जोडभिंग होतं. मागचा अर्धा भाग वेगळा निघत होता; जाहिरातीतला ‘मॅक्रो’ तो हाच.

मी जाब विचारला, तेव्हा विक्रेत्याने हिशेब मांडला. तुमची किट लेन्स १८ एमएमपासून सुरू होते, तिला ०.४२ ने गुणा, साडेसात येतात, म्हणजे आठच धरा, मग आम्ही खोटं काय लिहिलं? गुणाकार बरोबर आहे आणि इथेच माणूस गप्प बसतो. पण फिशआय ठरते ती कोनावरून. चौकट भरणाऱ्या फिशआयमध्ये एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत १८० अंश मावतात. गोल चित्र देणाऱ्या फिशआयमध्ये तेवढंच दृश्य पूर्ण वर्तुळात येतं आणि भोवती काळं राहतं. या चकतीतून १८ एमएमवर चारही कोपरे काळे येत होते. ते जाईपर्यंत झूम पुढे न्यावा, तर मिळवलेला कोन तिथेच संपायचा. १८० अंशांच्या आसपासही ती कधी पोचली नाही.

चित्राची अवस्था तर बघवत नव्हती. मधला भाग बरा, पण कडेकडे सगळं पुसट. आकाशासमोरच्या फांद्यांचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, तर प्रत्येक काडीला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवट किनार. शिवाय माझ्या जुन्या १८-५५ एमएम किट लेन्सचं तोंड फोकस होताना स्वतःभोवती फिरतं. त्या तोंडावर हे वजन टांगलं की आतली बारीक मोटर कण्हल्यासारखा आवाज करायची. स्वस्तात मिळालं म्हणून असू द्या, असं कुणी म्हणत असेल तर हे ऐका: यात चांगल्या चालत्या लेन्सची झीज होते.

तक्रार केल्यावर दोन गोष्टी झाल्या, त्या मुद्दाम सांगते. पहिली, दुसऱ्या दिवशी जाहिरातीचं शीर्षक बदललेलं होतं, ‘फिशआय लेन्स’चं ‘फिशआय इफेक्ट’ झालं होतं. मी खरेदीच्या वेळी पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता आणि विक्रेत्याशी झालेलं संभाषणही जपलं होतं, म्हणूनच पुढे माझी बाजू टिकली. दुसरी, निम्मे पैसे परत देतो, वस्तू तुमच्याकडेच राहू द्या, असा गोड प्रस्ताव आला. तो मी साफ नाकारला. निम्मे पैसे घेतले की तक्रार मिटली असं धरलं जातं आणि उरलेल्या पैशांवर पाणी सोडावं लागतं. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही एवढा एकच मुद्दा मी शेवटपर्यंत धरून ठेवला. चित्र चांगलं येतं की वाईट या वादात शिरलेच नाही, कारण तिथे ते “तुम्हाला वापरता येत नाही” म्हणायला मोकळे असतात.

आता ओळखायचं कसं? सगळ्यात पक्की खूण म्हणजे आटे. फिशआयची पुढची काच इतकी बाहेर आलेली असते की समोर फिल्टर लावायची सोयच नसते. काही लेन्समध्ये फिल्टरचा पातळ तुकडा मागच्या बाजूला बसवतात. त्यामुळे वर्णनात ५२ किंवा ५८ एमएमचे आटे दिसले, किंवा ०.१८, ०.२५, ०.४२ असा ‘एक्स’ लावलेला आकडा दिसला, की तो कन्व्हर्टर समजा, शीर्षक काहीही असो. विक्रेत्याकडे लेन्सच्या मागच्या बाजूचा, स्वतः काढलेला फोटो मागा. नमुन्याचे फोटोही नीट बघा. माझ्या जाहिरातीत काही चित्रं गोल होती, काही चौकट भरून. ठरावीक फोकल लेंग्थची एकच लेन्स एकाच कॅमेऱ्यावर ही दोन्ही देऊ शकत नाही. ती चित्रं कुठून कुठून उचललेली होती.

खरी लेन्स घेतानाही अर्धसत्य ऐकायला मिळतं. निकॉनची १०.५ एमएम ही डी४०सारख्या छोट्या सेन्सरसाठी (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) २००३ साली आलेली उत्तम फिशआय, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. डी७०, डी८०, डी९० यांच्या बॉडीत ती मोटर आहे. डी४०, डी६०, डी३०००, डी५००० यांच्यात नाही, त्यामुळे तिथे फोकस हातानेच करावा लागतो. एका विक्रेत्याने मला “ऑटोफोकस आहे” एवढंच ठासून सांगितलं. कुठल्या बॉडीवर, हे विचारल्यावर बोलणं थांबलं. तसंच १६ एमएमच्या जुन्या रशियन झेनिटारचं. तिचे १८० अंश फुल फ्रेमवरचे, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरचे. छोट्या सेन्सरवर कडा कापल्या जातात आणि फिशआयची मजाच जाते. पेलेंग ८ एमएम या गोल चित्र देणाऱ्या फिशआयचं वर्तुळ डी४०सारख्या सेन्सरवर वरून-खालून कापलं जातं. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीच्या स्वस्त फिशआय तर डीएसएलआरवर चालतच नाहीत, कुठलाही अडॅप्टर लावा, कारण त्यांना सेन्सरच्या जेवढं जवळ बसावं लागतं तेवढी जागा आरसा देत नाही.

शेवटी मी सॅमयांगची ८ एमएम, एफ ३.५ घेतली, वापरलेली. हीच लेन्स रोकिनॉन, बॉवर, वॉलिमेक्स या नावांनीही मिळते, आणि काही नावांखाली तिच्यावर ७ किंवा ६.५ एमएम असंही छापलेलं असतं. लहान आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका, काच तीच आहे. निकॉनच्या छोट्या सेन्सरवर तिरपे १८० अंश मिळतात, कॅननच्या त्याहून जरा लहान सेन्सरवर थोडे कमी. निकॉनसाठी चिप (कॅमेऱ्याला लेन्सची माहिती देणारी) असलेली आवृत्ती शोधा. चिप नसेल तर डी४० उजेड मोजत नाही आणि सगळं एम (मॅन्युअल) मोडवर अंदाजाने करावं लागतं. ऑटोफोकस नाही याची काळजी करू नका. अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचं माप), फोकस साधारण एक मीटरवर, की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मात्र या लेन्सच्या काही नगांवर अंतराचे आकडे पुढे-मागे छापलेले असतात, म्हणून दोन-चार फोटो काढून, पडद्यावर मोठे करून खात्री करून घ्या.

आणि कुठलीही फिशआय हातात आली की परतीची मुदत संपायच्या आत एवढं कराच. लेन्सच्या अगदी सरळ रेषेत, डावीकडे आणि उजवीकडे एकेक खुर्ची ठेवा. कॅमेरा इतका तिरका धरा की चौकटीचा कर्ण आडवा होईल, आणि फोटो काढा. चौकट भरणारी फिशआय म्हणून विकलेल्या लेन्समध्ये दोन्ही खुर्च्या टोकाच्या कोपऱ्यांत दिसायला हव्यात. दिसल्या नाहीत, तर तोच फोटो तक्रारीला जोडा.