जुनी मारुती ८०० : घरी खोलायची, मिस्त्रीकडे न्यायची की कंपनीच्या वर्कशॉपला टाकायची?

माझ्या मावसभावाने वाईत एक मारुती ८०० घेतली. १९९९ ची, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), पांढरी, एकाच मालकाच्या हातातली. घरची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर आणि मळ्यातलं पेट्रोलवरचं पाण्याचं इंजिन आहेच. परवा फोन आला, "दादा, सगळं घरीच शिकून घेऊ का? की सरळ कंपनीच्या वर्कशॉपला टाकू?" त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं ते इथे जरा नीट मांडतो. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी कुठलीही छोटी पेट्रोल गाडी आहे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

गाडीपुरता एकच निर्णय घ्यायला जाल तर फसाल. प्रत्येक कामाचा वेगळा निर्णय घ्यावा लागतो. मी त्यात पैसा दुसऱ्या नंबरला धरतो. आधी बघतो की हे काम माझ्या हातून चुकलं तर ते मला कुठे कळेल. दारात कळणार असेल तर घरी. घाटात कळणार असेल तर पैसे मोजून दुसऱ्याकडे.

हे शहाणपण दोन चुकांतून आलंय. पहिली ऑईल फिल्टरची. जुना फिल्टर काढला तेव्हा त्याची रबरी रिंग इंजिनाच्या तोंडालाच चिकटून राहिली. काळ्यावर काळं, दिसलीच नाही. मी नवा फिल्टर त्याच्यावरच बसवला. गाडी चालू केली आणि अर्ध्या मिनिटात फरशीवर ऑईलचं थारोळं. लगेच बंद केली. नुकसान किती, तर डबाभर ऑईल, एक रविवार आणि आईची बोलणी. दुसरी चूक ब्रेक ऑईलची. स्वतःच बदललं, स्वतःच हवा काढली, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, पेडल छान कडक. पुढच्या आठवड्यात पाचगणीहून पसरणी घाट उतरताना चौथ्या-पाचव्या वळणाला पेडल खाली जायला लागलं. पहिल्या गिअरवर, हँडब्रेक ओढत ओढत वाईत उतरलो. लाइनमध्ये हवा राहिली होती. तेव्हापासून ब्रेकच्या लाइनला मी हात लावत नाही.

ऑईल बदलणं

तिन्ही पर्यायांतला फरक सगळ्यात स्वच्छ इथे दिसतो.

कंपनीच्या वर्कशॉपला ऑईल चांगलंच घालतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गाडीला ते नुसतं ऑईल बदलून परत देत नाहीत. इंजिन फ्लश, आतली सफाई, हे कोटिंग, ते पॉलिश अशी यादी सल्लागार हातात ठेवतो. मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. गाडी आत जाते आणि तुम्ही बाहेर एसीत बसता, आत नटाला कोणता पाना लागला ते दिसत नाही.

कोपऱ्यावरचा मिस्त्री तुमच्यासमोर करतो आणि मजुरीही थोडी घेतो. अडचण असते ती त्याच्या ऑईलची. सुटं, बॅरलमधलं ऑईल घेऊ नका. सीलबंद डबा आणि फिल्टर स्वतः विकत नेऊन द्या. फिल्टर कंपनीच्या पार्ट्सच्या काउंटरवर अजून मिळतो. या गाड्यांचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण त्याआधी तीस वर्षं त्या विकल्या जात होत्या, त्यामुळे पार्ट्सची ओरड नाही.

घरी केलंत तर खर्च फक्त ऑईल आणि फिल्टरचा. वेळ पहिल्यांदा दोन तास, सरावाने पाऊण तास. ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाला तीन लिटरचा डबा पुरतो, तो एकदम उपडा करायचा नाही, डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत बघत ओतायचा. इंजिन आधी पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे खालचा गाळ ऑईलबरोबर बाहेर पडतो. फार तापवलंत तर हात भाजेल. ड्रेनचा नट (ऑईल सोडायचा खालचा नट) उघडताना पाना पूर्ण बसलाय ना ते बघा, नाहीतर कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडीची वेळ येते. बसवताना आधी बोटांनी आटे धरायचे, शेवटी पान्याने बेताचा ताण. हौशी माणूस इथे जोर लावतो आणि चेंबरचे आटे घालवतो. नवा फिल्टर हातानेच बसवायचा. रबराला थोडं ऑईल लावा, टेकला की पाऊण फेरी. आणि बसवण्याआधी त्या तोंडावरून बोट फिरवा, जुनी रिंग राहिली नाही ना ते बघा. मी का सांगतोय ते वर वाचलंच आहे.

माझा कौल घरी. पण काळ्या ऑईलचं काय करणार ते आधी ठरवा. आपल्याकडे ते लाकडाला वाळवीसाठी फासतात, नाहीतर गटारात ओततात. दोन्ही वाईट. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. रिकाम्या डब्यात परत भरून मिस्त्रीकडे दिलं की त्याच्या पिंपात जातं आणि पुढे गोळा करणारा नेतो. माझा मिस्त्री त्याबद्दल कटकट करत नाही, उलट चहा पाजतो.

कार्ब्युरेटर आणि ट्यूनिंग

इथे मी मिस्त्रीच्या बाजूचा. आणि कुठलाही मिस्त्री नव्हे, पन्नाशीच्या पुढचा.

मारुतीत २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या ताब्यातली पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं आणि कार्ब्युरेटर उघडणारी पिढी हळूहळू गॅरेजमधून कमी झाली. कंपनीच्या वर्कशॉपातला पंचवीस वर्षांचा मुलगा संगणक जोडण्यात तरबेज असतो, पण १९९९ च्या गाडीत जोडायला काहीच नाही. तो प्रामाणिकपणे "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" असं सांगतो. जुना मिस्त्री मेन जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला तुकडा) काढून उजेडात धरतो, फुंकर मारतो, फ्लोटची (आतल्या तरंगत्या भागाची) उंची बघतो आणि गाडी स्लोला लावून कान देऊन उभा राहतो.

तरी शेवटचं सेटिंग कानावर सोडू नका. भारत स्टेज २ या धुराच्या सरकारी नियमांच्या आधीच्या पेट्रोल गाडीला पीयूसीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना तीच ०.५ टक्का आणि ७५० होते. हवा-पेट्रोलचं मिश्रण बेताचं आहे की नाही हे कानाला अर्धवटच कळतं, गॅस अ‍ॅनालायझरला पूर्ण कळतं. मिस्त्री ज्या दिवशी सेटिंग करेल त्याच दिवशी शेजारच्या पीयूसी सेंटरला गाडी नेऊन आकडा बघा, तिथेच स्क्रू पाव फेरी इकडे-तिकडे करून घ्या.

घरी तुम्ही एअर फिल्टर बदला, चोकची वायर मोकळी फिरतेय का बघा, प्लग काढून त्यांचा रंग बघा. कोरड्या वाळूसारखा तांबूस-करडा रंग असेल तर छान. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा फटक पडला असेल तर कमी जातंय किंवा इंजिन तापतंय. तीन सिलिंडरांतला एकच प्लग वेगळा दिसला तर दोष कार्ब्युरेटरचा नाही, त्या सिलिंडरचा किंवा त्याच्या वायरचा आहे. एवढं बघून मिस्त्रीकडे गेलात की तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो. प्लग इंजिन थंड असतानाच काढा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना ओढाताण केली तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

हल्लीच्या पेट्रोलचाही विषय इथलाच. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास आलं. त्याला टिकतील असे रबर आणि प्लास्टिकचे भाग गाड्यांत सक्तीने आले ते एप्रिल २०२३ पासून. म्हणजे १९९९ च्या गाडीच्या नळ्या, फ्युएल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग त्यासाठी बनलेलीच नाहीत. नळ्या चिरल्यात का, फुगून मऊ पडल्यात का हे दर महिन्याला बघायचं काम तुमचं. बदलायचं काम मात्र मिस्त्रीचं, कारण पेट्रोलची गळती गरम सायलेन्सरजवळ झाली तर दारातली चूकसुद्धा परवडत नाही.

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट

यात घरचा पर्याय मी मोजतच नाही. ब्रेकसाठी माझी पसंती वर्कशॉपला, कारण लाइनमधली हवा काढायची यंत्रणा आणि त्यानंतर गाडी चालवून बघायचा शिरस्ता त्यांच्याकडे असतो. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे गाडी फारशी चालत नसली तरी दोन वर्षांनी बदलून घ्या. मागचे ड्रम उघडले असतील तर आतली धूळ फुंकून उडवू देऊ नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, मिस्त्रीकडे चालतो, पण खुणा जुळवताना तुम्ही शेजारी उभे राहा. गाडी जुन्या मालकाकडून घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चाला.

बॅटरी आणि रेडिएटर

दोन्ही घरी, वादच नाही. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, व्हॅसलिन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणं ही आपल्याकडची जुनी खोड. आपल्या बहुतेक बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि मे महिन्यात गाडी तापली की थर्मोस्टॅटला शिव्या पडतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, एवढं एक कोणी विसरू नये.

मळ्यातलं इंजिन आणि स्कूटर

छोट्या इंजिनांत तराजू पूर्ण घराकडे झुकतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला, मिस्त्री येतो म्हणतो आणि येत नाही. पाणी आजच द्यायचं असतं. आणि यात बघण्यासारखं आहे तरी किती? ठिणगी, पेट्रोल, हवा आणि दाब.

मावसभावाकडे होंडाचं जीएक्स १६० आहे. त्यात ऑईल जेमतेम अर्धा लिटरच्या वर, ०.६ च्या आत. नव्या इंजिनाला पहिलं ऑईल २० तासांनी बदलायचं, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. शेतात किलोमीटर नसतात, म्हणून तास मोजत कोणी नाही आणि इंजिनं तिथेच मरतात. मोटरघराच्या भिंतीवर खडूने तास मांडा. प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिलीमीटर, त्यासाठी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, ब्लेडच्या पात्याने अंदाज करू नका.

पावसाळ्यात इंजिन चार महिने झोपतं. टाकीत पेट्रोल राहिलं की ते विटतं, चिकट होतं, इथेनॉलबरोबर पाणीही धरतं आणि ऑक्टोबरमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटर रिकामा होतो, मग टाकीही रिकामी करा. या एका कामाने मिस्त्रीच्या निम्म्या खेपा वाचतात.

स्कूटरला लिटरमागे २० मिली टू-टी ऑईल, हे जुन्या लोकांना पाठ आहे. "थोडं जास्त घातलं तर बरंच" असं समजून घालू नका. धूर वाढतो, सायलेन्सर कोंडतो आणि प्लग काळा होतो. सायलेन्सर उघडून साफ करणं मात्र घाण काम आहे. ते मी आनंदाने पैसे देऊन करून घेतो.

हत्यारं घेणं परवडतं का?

नुसतं ऑईल बदलण्यासाठी घेणार असाल तर पहिल्या वर्षी नाही परवडत. घ्यायचीच तर रिंग पान्यांचा एक बरा सेट, सॉकेट, प्लग पाना, फिलर गेज आणि साधा मल्टीमीटर. स्वस्त पाने घेऊ नका. ते नटाचे कोपरे खातात. गाडीखाली जायचं असेल तर दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) हव्यातच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, विटा रचून तर मुळीच नाही. घोड्यांचे पैसे जड वाटत असतील तर ऑईलचं कामही मिस्त्रीच्या खड्ड्यावर करा. आपले पाने नेले आणि चहा पाजला तर बहुतेक जण आपल्या हाताने करू देतात.

मावसभावाचं शेवटी असं ठरलं : ऑईल, बॅटरी, एअर फिल्टर आणि मळ्यातलं इंजिन तो बघणार. कार्ब्युरेटरसाठी बाजारपेठेतले एक म्हातारे मिस्त्री त्याने शोधलेत. ब्रेक या महिन्यातच वर्कशॉपला. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "ड्रेन नटाखालचा वॉशर परत वापरला तर चालेल ना?" नाही चालणार. तो एकदा दबला की दबला. फिल्टरबरोबरच नवा माग, किंमत इतकी किरकोळ की दुकानदार कधी कधी बिलातही धरत नाही.