पॅरालॉइड बी-७२ : झिलईच्या खापरांसाठी उत्तम, पण नाशिकच्या उन्हाळ्यात जपून

फुस्तात हे कैरोजवळचं शहर इ.स. ६४१ मध्ये वसलं आणि ११६८ मध्ये जळालं. अशा ठिकाणच्या उत्खननातली झिलईची खापरं जोडायची, तर गोंद उद्या सोडवता यायला हवा. इपॉक्सी तिथेच बाद. पॅरालॉइड बी-७२ हे दाण्यांच्या रूपात मिळणारं ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनच्या बोळ्याने सुटतं आणि सहसा पिवळं पडत नाही. आमची पसंती यालाच.

गोंद करायला त्याचे ५० ग्रॅम दाणे मलमलच्या पुरचुंडीत बांधून ५० ग्रॅम ॲसिटोनमध्ये अधांतरी टांगा, झाकण घट्ट लावा, रात्रभर ठेवा. दाणे थेट ओतले की तळाशी चिकट गोळा बसतो.

खरी कसोटी फ्रिटवेअरची, म्हणजे मुख्यतः गारगोटीच्या पुडीपासून केलेल्या भांड्यांची. इराणमधल्या काशानच्या अबुल कासिमने १३०१ मध्ये त्याची कृती लिहून ठेवली आहे: १० भाग गारगोटीची पूड, १ भाग काच, १ भाग पांढरी माती. तुटलेली कड साखरेसारखी रवाळ दिसते आणि गोंद पिऊन टाकते. सांधा बसल्यासारखा वाटतो, दुसऱ्या दिवशी हातात सुटतो. म्हणून कडांना आधी याच रेझिनच्या ५ ते १० टक्के द्रावणाचा पातळ हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच घट्ट गोंद लावायचा.

त्याआधी खापरातले क्षार डिस्टिल्ड पाण्यात, पाणी बदलत काढलेले असावेत, नाहीतर ते झिलईखाली स्फटिक धरून तिचे पापुद्रे उडवतात. झिलई आधीच सुटत असेल तर पाण्यात घालण्यापूर्वी ती पक्की करा.

पावसाळ्यात ॲसिटोन भर्रकन उडतं, पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि सांधा पांढुरका पडतो. कोरड्या दिवशी ॲसिटोनचा ब्रश फिरवला की बहुधा पुन्हा स्वच्छ होतो.

उन्हाळ्याचं दुखणं मोठं आहे. हे रेझिन ४० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा तिथवर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. जड वाडग्याचा सांधा केसभर सरकतो आणि मग शेवटचा तुकडा बसत नाही. ६० अंशांपर्यंत तग धरणारं पॅरालॉइडचंच बी-४४ त्यात मिसळता येतं. नुसतं बी-४४ मात्र ठिसूळ. गावठाणातल्या वाड्याची जाड भिंतींची, तळमजल्याची खोली मिळाली तर काम तिथेच करा.

वाळेपर्यंत तुकडे वाळूच्या ट्रेमध्ये तोलून ठेवा. लस्टरच्या, म्हणजे झिलईवरच्या धातूसारख्या चमकीच्या, सोनेरी थरावर चिकटपट्टी लावू नका, पट्टीबरोबर थरही निघून येऊ शकतो.